मायची तसबीर आणि माझी मिशी

बहिणीच्या सासरी ओसरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक तसबीर दिसते. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, नाकात मोठी नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. काचेवरही रोज कोणीतरी कुंकवाचं बोट टेकवतं. नवा पाहुणा आला की आधी तसबिरीकडे बघतो, मग माझ्याकडे, पुन्हा तसबिरीकडे, आणि म्हणतो, "वा! पाहुणे अगदी आईच्या तोंडावर गेलेत हो!" मी मिशीवरून हात फिरवतो आणि पाणी मागतो. घरातली जाणती माणसं एकदम छताच्या वाशांकडे बघू लागतात.

त्या तसबिरीत मी आहे.

आता पोरं मोठी झाली, त्यांना अर्धवट कुणकुण लागली आहे. आमच्या घरी गोष्टी सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. कोणाच्या लग्नात बैल कसे उधळले, कोणता जावई रुसून झाडावर जाऊन बसला, हे सगळं मीच सांगतो आणि लोक हसतात. ही एकच गोष्ट मी टाळत आलो. पण मी नाही सांगितली तर आमची आत्या, फुई सांगेल, आणि फुई सांगेल त्यात माझी उरलीसुरली अब्रूही राहणार नाही. म्हणून लिहूनच ठेवतो.

आमचं गाव तापीकाठचं, प्रकाशा या तीर्थगावापासून बैलगाडीनं फार लांब नाही. बा, म्हणजे आमचे वडील, शेती बघत. मी नंदुरबारला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या कामावर होतो. उन्हाळा लागला की जीन बंद, आणि मी घरी बसून सगळ्यांच्या कामात तोंड घालायला मोकळा. आई गेली तेव्हा बहीण रांगत होती. मी मात्र चांगला बैलांना पाण्यावर नेण्याएवढा होतो. बाची विधवा बहीण आमच्याकडेच होती, तिनं आम्हाला वाढवलं. तिला आम्ही फुई म्हणतो. ती खूश असली की म्हणायची, "पोऱ्या मायना तोंडवर गया." रागात असली की मी कोणाच्याच तोंडावर गेलेलो नसे.

त्या वर्षांत आमच्या भागात तसबिरींचं वेड शिरलं होतं. आधी भिंतीवर देव असायचे, ते पुरेसे वाटायचे. मग गावातल्या एका मोठ्या घरानं आपल्या वारलेल्या म्हाताऱ्याचा फोटो सुरतेहून मोठा करून आणला आणि काचेत बसवून ओसरीत लावला. गाव लोटलं बघायला. आम्हीही गेलो. म्हातारा खुर्चीवर बसलेला, हातात काठी, शेजारी न पाहिलेलं कसलं तरी फुलझाड. लोक कुजबुजत बघत होते, मोठ्यानं बोललं तर तो ओरडेल अशा भीतीनं. एक म्हातारी मोठ्या हौसेनं आत शिरली, समोर थोरला दीर बसलेला दिसताच तिनं हातभर पदर ओढला आणि भिंतीला लागून उलट्या पावलांनी बाहेर गेली. लोक हसले. मीही हसलो. दीर मरून दोन पावसाळे झाले होते, पण तिच्या पदराला ते कोण सांगणार?

बहिणीच्या सासरीही तसल्या तसबिरी लागल्या. दिवाळीला ती माहेरी आली, आणि भाकरी थापता थापता, मान वर न करता मला म्हणाली, "भाऊ, सगळास्नी माय भीतवर शे. मन्ही माय जर माले रस्तामा भेटनी, तं मी तिले ईचारसू, बाई, तू कोणना घरनी?"

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी काहीतरी मोठं बोलून जातो. म्हणालो, "तू काळजी करू नको. आखाजीला येशील तेव्हा माय भिंतीवर असेल."

"फोटो तं नही तिना."

"फोटो कशाला? मी आहे ना. मला सगळी आठवते."

आणि त्यात मला खोटं काही वाटत नव्हतं. लहानपणापासून मी बहिणीला आईच्या गोष्टी सांगत आलो होतो. आईचे डोळे असे, आईचं हसणं तसं, आई पाण्याला निघाली की बाया वळून बघत. दरवर्षी आई थोडी गोरी होत गेली, डोळे थोडे मोठे झाले. बहीण ऐकत राही. हाताचा अंगठा हनुवटीला लावून ऐकायची तिची सवय होती. तो अंगठाही विचित्र, टोकाशी मागे वळलेला, जणू कोणी उलटा बसवलाय. मी तिला लहानपणी 'उलटा चमचा' म्हणत असे. ती चिडली की अजून म्हणत असे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. त्याच दिवशी पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, जोडीला आंबा आणि सांजोऱ्या. आईची घागर दरवर्षी भरली जायची. पण घागरीला तोंड नसतं. त्या वर्षी घागरीमागे तसबीर ठेवायची, असं मी ठरवून टाकलं.

प्रकाशाला एका देवळाचं रंगकाम चाललं होतं. तिथला चितारा मी गाठला. सुरतेकडचा माणूस, अंगानं सडपातळ, केसांना तेल, बोलणं अर्धं गुजराती आणि अर्धं हातवाऱ्यांचं. देवांचे, राजांचे, पहिलवानांचे, टांग्यांच्या पाठीवरच्या वाघांचे, सगळ्यांचे रंग तोच देई, त्यामुळे त्याचा वाघही जरा देवासारखा प्रेमळ दिसे. त्यानं गाडीतून एक फळी काढून माझ्यापुढे धरली. फळीवर एकीखाली एक नाकं रंगवलेली: सरळ, बसकं, पोपटाचं, आणि एक नुसतंच मोठं. दुसऱ्या बाजूला डोळे.

"भाई, नाक निवडा. डोळे निवडा. मी बसवतो."

"आणि हात?" मी सहज विचारलं, कारण फळीवर हात कुठेच नव्हते.

"हात पदरात," तो तुटकपणे म्हणाला. "बाईमाणसाचे हात कोण बघतो?"

तो आमच्या मागच्या पडवीत येऊन राहिला. पहिल्या दिवशी त्यानं मला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. भुवया जुळलेल्या की सुट्या? हनुवटीवर गोंदण होतं की कपाळावर? भांग मधला? कान मोठे? हसली की दात दिसत?

मी तोंड उघडलं. मी गोष्टी सांगणारा माणूस, तोंड उघडलं की काहीतरी येतंच. त्या दिवशी काही आलं नाही.

मी डोळे मिटले. आई दिसली, पण पाठमोरी. चुलीपुढे बसलेली, डोक्यावर पदर, पाठीवर धुराचा वास. मी मनातल्या मनात चुलीच्या पलीकडे जाऊन बघू लागलो, तर तिकडे भिंत. पाण्याला निघालेली दिसली, तीही मागून. गाडीत बसलेली दिसली, तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आकाश बघत होतो. एवढा मोठा पोरगा, आणि मी आईकडे कधी बघितलंच नव्हतं. ती कुठे जाणार होती?

"भाई?" चितारा म्हणाला.

"सुट्या," मी म्हणालो. "बहुतेक."

फुई दारातून ऐकत होती. तिला राहवलं नाही. ती आत आली, फळी ओढून घेतली आणि सरळ नाकावर बोट ठेवलं. "नाक असं व्हतं. धारदार. मन्हासारखं."

"तुझ्यासारखं कसं असेल फुई? ती तुझी भावजय."

"मंग काय झायं? एकाच घरमा ऱ्हायनूत."

शेवटी बाला विचारायला गेलो. बा ओट्यावर दोरी वळत बसला होता. मी चांगला लांबून फिरून, हवापाणी बोलून, मग विचारलं, "बा, मायच्या भुवया कशा होत्या?" बानं दोरी खाली ठेवली, खांद्यावर फडकं टाकलं आणि तो नदीकडे निघून गेला. तापीच्या वाळूत आमची डांगरवाडी होती. बा आईबद्दल कधीच बोलत नसे. आई गेल्यापासून मी त्याच्या तोंडून तिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

आखाजी जवळ आली आणि कागदावर नुसती नथ होती. चिताऱ्यानं नथ आधी काढून ठेवली होती, कारण ती त्याला छान जमते. मग फुईनंच तोड काढली. "देखाले काय पाहिजे? हाऊ बठेल शे ना मायना तोंडना!"

अशा रीतीनं, चांगला बायकोपोरांचा माणूस, नंदुरबारच्या जिनात ज्याच्या शब्दावर कापसाच्या गाड्या थांबतात तो मी, बायकोचं हिरवं लुगडं गुंडाळून, फुईची नथ चिमटीनं नाकाला लावून, मागच्या पडवीत दार लावून बसलो. बायको एकदा आत डोकावली आणि जी बाहेर गेली ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलू शकली नाही. बोलायला लागली की तिला हसू येई.

चितारा पुढे झाला, मागे झाला, एक डोळा मिटला. "भाई, मूछ."

"पदरानं झाकतो."

"पदरानं झाकली तर अर्धं तोंड गेलं. मग आई कुठली? नुसता पदर."

मी पदर दातात धरून बघितला, वर मान करून बघितली. त्यानं ओठावर खडूची भुकटीही लावून बघितली. मग मी चोर दिसू लागलो. शेवटी तो कुंचला खाली ठेवून म्हणाला, "मूछवाली आई मी कधी काढली नाही."

माझ्यापुढे बहिणीचा चेहरा आला. तू कोणना घरनी? मी उठलो. नंदुरबारला मी हौसेनं दाढीचा वस्तरा घेतला होता, गावच्या न्हाव्यासमोर मिरवायला. तो काढला, पितळी लोट्यात तोंड बघितलं आणि मिशी उडवून टाकली.

आमच्याकडे मिशी कधी काढतात हे सांगायची गरज नाही. बाप गेला की. तेवढ्याचसाठी. एरवी मिशी न काढता माणूस आयुष्य काढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं मन पडवीत होतं, इतकंच. पडवीत बाप नव्हता, आई होती.

दुपारी चिताऱ्याला निळा रंग भिजवायला पाणी पाहिजे होतं. घरात कोणी नव्हतं. मी लुगडं सोडलं, धोतर नेसलो आणि घागर घेऊन पुढच्या दारात आलो. नेमकी त्याच वेळी शेजारच्या गावच्या आमच्या लांबच्या मामांची गाडी दारावरून चालली होती. आखाजीचा बाजार करून ते परतत होते. त्यांनी मला बघितलं. माझ्या ओठाकडे बघितलं. गाडी थांबली. मामा काही न बोलता उतरले, डोक्यावरचं पागोटं काढलं आणि मला कवटाळून मोठ्यानं रडू लागले.

"कव्हय गया रे बा? सांगावा बी नही धाडा!"

मामा अंगानं आडवे. माझं तोंड त्यांच्या खांद्यात रुतलेलं. मी "मामा, अहो..." म्हणतोय, त्यांना वाटतंय मी हुंदके देतोय. त्यांनी आणखी घट्ट धरलं. त्यांचा आवाज ऐकून समोरची म्हातारी बाहेर आली, माझा ओठ बघितला आणि तिनं जो सूर लावला तो गावच्या त्या टोकाला पोचला असणार. मागोमाग बाया आल्या. माणसं आली, पागोटी काढून ओट्यावर बसली. न्हावी हातात वस्तऱ्याची डबी घेऊन धावत आला, माझ्या गुळगुळीत ओठाकडे बघून रडायच्या ऐवजी चिडला. "हाई कोणी काढी? मन्हा हक्क शे हाऊ!"

मी बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण "बा मेला नाही, मी आईची तसबीर काढून घेत होतो, म्हणून मिशी काढली" हे वाक्य त्या रडण्यात कसं घालायचं? आणि घातलं तरी कोण विश्वास ठेवणार? मी नुसता मान हलवत होतो. लोक समजत होते, दुःखानं वाचा गेली.

मामांनी डोळे पुसले आणि जमलेल्या माणसांना सांगू लागले, कसा होता तो. कोणाचा एक दाणा बुडवला नाही. बैलाला कधी आरी टोचली नाही. "देवमाणूस व्हता."

तेवढ्यात नदीच्या वाटेनं बा आला. खांद्यावरच्या फडक्यात दोन डांगरं बांधलेली, घागरीसाठी निवडून आणलेली. आपल्या दारात एवढी माणसं उघड्या डोक्यानं बसलेली बघून त्याचं पाऊल थबकलं. त्यानं डांगरं हळूच खाली ठेवली, पागोटं काढलं आणि शेवटच्या माणसाशेजारी जागा करून बसला. मामांचं चालूच होतं.

"असा माणूस आते व्हवाना नही."

"नही व्हवाना," बानं मान हलवून दुजोरा दिला. मग शेजाऱ्याकडे वाकून हळूच विचारलं, "पन कोण गया?"

शेजारी त्याच्याकडे बघतच राहिला. एक एक करून सगळे वळले. मामांचा शब्द तोंडात राहिला. समोरची म्हातारी सुरात असतानाच थांबली, आणि तिचा तो अर्धा सूर मला आजही कधी कधी ऐकू येतो. बानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. माझ्या ओठाकडे.

जमीन दुभंगून मला पोटात घेईल अशी मी वाट बघितली. उन्हाळ्यात आमच्याकडे जमिनीला भेगा पडतात, पण त्या दिवशी एकही कामाची नव्हती.

बा उठला. पागोटं डोक्यावर घातलं. डांगरं उचलून घरात नेली. फुई परसातून धावत आली होती, तिच्या हातात ती दिली आणि माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याले सांग, ही डांगरं त्याना मायना घागरवर ठेवानी शेत. मन्ही घागर भराले आखो टाईम शे."

त्यानंतर बा माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसला की माझ्याकडे पाठ. मी तोंडाला फडकं बांधून हिंडायचो, दातदुखी झाल्यासारखा. मुलं ओट्याखालून ओरडायची, "भाऊ, आज कोण गया?" मिशी किती हळू वाढते हे मला त्या दिवसांत कळलं.

पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मिशी गेलीच होती, निदान तसबीर तरी व्हावी. मी पुन्हा लुगडं नेसून बसलो, आणि चिताऱ्यानं ती पुरी केली. हात पदरात. पदरावर त्यानं न सांगता एक गुलाबाचं फूलही काढलं, बहुतेक हातांच्या बदल्यात. काच बसली, चौकट बसली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. रंग छान होते. नथ तर अशी की हात लावावा. पण काहीतरी खटकत होतं. काय ते मला कळेना, की मी कळू देईना, कोण जाणे.

आखाजीच्या आदल्या दिवशी बहीण आली. गाडीतून उतरता उतरता तिनं माझा उघडा ओठ बघितला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मी घाईनं म्हणालो, "बा आहे, बा आहे, तिथं बसलाय बघ!" ती रडावं की मला मारावं या विचारात पडली. तिचं मन वळवायला मी नेहमीचा धंदा केला. तिचा हात धरून म्हणालो, "ये, उलटा चमचा, आत ये. तुझी माय तुझी वाट बघतेय."

तिनं हात सोडवून घेतला. "माय बी माले अशीच बोलाये का रे?" ती हसून म्हणाली.

संध्याकाळी ओसरीत दिवा लावला. तसबिरीवर फडकं टाकलं होतं. फुई, बायको, पोरं, सगळे जमले. बा कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. बहीण पाय धुऊन, पदर नीट करून, देवळात उभी राहावी तशी उभी राहिली. तिचे डोळे आधीच भरले होते. मी फडकं ओढलं.

ती बघत राहिली. पुढे झाली. दिवा हातात घेऊन काचेजवळ नेला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या मिशी नसलेल्या ओठाकडे, आणि परत तसबिरीकडे. आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"हाऊ तं तू शे, भाऊ! नथ घालेल!"

फुई हसली, पोरं लोळली, बायकोनं पुन्हा बाहेर धाव घेतली. मीही हसलो, काय करणार? मग बहिणीचं हसणं थांबलं. एकदम नाही, दिव्यातलं तेल संपत जावं तसं. तिनं दिवा खाली ठेवला. एवढ्या लांबून ती कोणाला भेटायला आली होती, आणि कोण भेटलं!

ती बाकडे वळली. "बा," ती म्हणाली, "माय अशी व्हती का?"

बाला असलं कोणी विचारत नसे. बा उठून जाईल असं मला वाटलं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलंही. पण तो उठला नाही.

"माले म्हाईत नही," तो म्हणाला.

फुईनं दिव्याची वात पुढे सारली.

"तिनं तोंड मी उजेडमा कव्हय देखं? घरमा मन्ही माय, मन्हा बा. ती पदर व्हढी बठे." तो भिंतीकडे बघून बोलत होता, थांबत थांबत, जसा दोरी वळताना बोले. "मी जेवाले बठू. वर देखानी लाज. ताटमाच देखू. ताटमा हात ये, भाकर ठेये, आनि जाये. तेवढीच माले म्हाईत शे. हात."

एवढी वर्षं संसार, दोन पोरं, आणि नवऱ्यानं तिला ताटात बघितलेलं. तेही त्यानं निदान बघितलं होतं.

बानं बहिणीकडे हात केला. "दखाड."

तिला कळेना. तिनं हात पुढे केले, तळवे वर, काही घ्यायला करावे तसे. बानं दिव्याजवळ नेऊन ते उलटे केले. त्या अंगठ्याला त्यानं आपल्या बोटानं हलकेच दाबलं. अंगठा टोकाशी मागे वळला.

"हाऊ," बा म्हणाला. "भाकरवर हाऊ ठसा उठे. तिना."

मी खाली बघितलं. आईची एवढी एकच खूण घरात उरली होती. मी जन्मभर तिला चमचा म्हणत आलो होतो, त्याच दिवशी अंगणात सुद्धा. सगळ्या गावासमोर जित्या बापाच्या सुतकात उभा राहिलो तेव्हा वाटली नव्हती तेवढी लाज मला त्या वेळी वाटली. मला वाटलं बहीण माझ्याकडे बघेल, काहीतरी टोचून बोलेल. ती मला विसरलीच होती. ती आपल्या हातांकडे बघत होती, कोणी पहिल्यांदाच भेटावं तशी. मग तिला एकदम संकोच वाटला आणि तिनं ते पदरात घेतले.

दुसऱ्या दिवशी घागर भरली. डांगर तिनं ठेवलं. तसबीर मी मागेच, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. घागरीसमोर डोकं टेकताना मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर पाठ दिसली असती.

चितारा जायला निघाला तेव्हा मी त्याला विनवलं, हात काढून दे. पाहिजे तर बहीण समोर बसेल, तिचे बघून काढ. त्यानं पदराकडे, गुलाबाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "भाई, हात मला येत नाहीत," तो म्हणाला आणि गाडीत बसला. त्यालाही लाज वाटत होती. तिथं आम्ही दोघे सारखे.

बहीण सासरी निघाली तेव्हा तिनं तसबीर फडक्यात बांधली. मी आडवा झालो. "ठेव ती. चुलीत घालतो."

"काबर? मायनी नही ते नही, भाऊनी तं शे." आणि मग जरा थांबून, "नथ शोभस तुले."

मिशी वाढली, तसा बा माझ्याशी बोलू लागला. पहिलं वाक्य बैलाच्या खुराबद्दल होतं.

आता मी बहिणीकडे वर्षातून एकदोनदा जातो. पाहुणे तसबिरीकडे बघतात आणि मला म्हणतात ते वर लिहिलंच आहे. मागच्या खेपेला तिची धाकटी मुलगी माझ्या मांडीवर चढून म्हणाली, "मामा, आजीले हात काबर नहीत?"

मी म्हणालो, "पदरात आहेत."

बहीण चुलीशी बसली होती. ती वळली नाही. तिनं नुसता पिठानं माखलेला हात वर केला, मुलीला दिसेल असा, आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

मग पान वाढलं. भाकरीवर एका बाजूला अंगठ्याचा खोलगट ठसा होता. तिच्या घरी जेवायला बसलो की मी आता वर बघत नाही, कोणी काही विचारलं तरी ताटातच बघतो. हात येतो, भाकर ठेवतो, जातो. तिच्या सासरच्यांना वाटतं, मामांना भाकरीची फार हाव आहे. ते आणखी वाढायला सांगतात. मी नाही म्हणत नाही.